नॉर्वेच्या प्रवासाला निघताना: मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार किंवा दमा असल्यास काय काळजी घ्यावी?

नॉर्दर्न लाइट्स पाहण्यासाठी किंवा तिथे नोकरी करणाऱ्या मुलांकडे राहण्यासाठी आता अनेक मराठी कुटुंबे नॉर्वेला जातात. त्यांत साठी ओलांडलेले आई-वडीलही असतात. नॉर्वेत नळाचे पाणी थेट पिता येते आणि मलेरिया-डेंग्यूची भीती नसते. त्यामुळे नवा आजार जडण्याची शक्यता कमी असते. त्रास होतो तो आधीपासून असलेल्या आजाराचा, कारण त्याची गाठ कडाक्याच्या थंडीशी पडते आणि संपलेले औषध तिथे सहज मिळत नाही. म्हणून खरी तयारी घरून निघण्यापूर्वीच करावी लागते.

निघण्यापूर्वी डॉक्टरांना भेटा

प्रवासाच्या चार ते सहा आठवडे आधी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जा. पुढीलपैकी काही असल्यास त्यांची स्पष्ट परवानगी मिळेपर्यंत तिकीट काढू नका:

- अलीकडेच हृदयविकाराचा झटका, अँजिओप्लास्टी, बायपास किंवा पक्षाघात झाला असेल
- थोडे चालल्यावर छातीत दुखत असेल किंवा दम लागत असेल
- रक्तदाब किंवा साखर नियंत्रणात नसेल
- दम्यासाठी गेल्या काही आठवड्यांत रुग्णालयात दाखल व्हावे लागले असेल

औषधे: पुरेशी आणि कागदपत्रांसह

भारतातील डॉक्टरांची चिठ्ठी नॉर्वेतील औषधाच्या दुकानात चालत नाही. अँटिबायोटिक, रक्तदाबाच्या किंवा मधुमेहाच्या गोळ्या हव्या असतील तर तिथल्या डॉक्टरांना दाखवावे लागते. साधी पॅरासिटामॉल मात्र 'पॅरासेट' या नावाने किराणा दुकानातही मिळते.

- सहलीच्या दिवसांना पुरतील त्यापेक्षा किमान एक आठवड्याची जास्त औषधे घ्या.
- सर्व औषधे मूळ पाकिटात आणि हातातल्या बॅगेत ठेवा. चेक-इन केलेली बॅग हरवू शकते.
- आजार, औषधाचे मूळ नाव आणि डोस लिहिलेले डॉक्टरांचे पत्र इंग्रजीत घ्या. भारतातली ब्रँडची नावे तिथे ओळखीची नसतात.
- अल्प्राझोलाम, झोल्पिडेम, ट्रामाडॉल किंवा कोडीन असलेल्या औषधांवर तिथे कडक नियंत्रण आहे. ती घेत असाल तर हे पत्र जवळ असायलाच हवे.

मधुमेह असल्यास

नॉर्वेची वेळ भारताच्या उन्हाळ्यात साडेतीन तास, तर हिवाळ्यात साडेचार तास मागे असते. जाताना दिवस तेवढा लांबतो आणि येताना आखडतो. परतीच्या प्रवासात इन्सुलिनचे दोन डोस जवळ आल्यास साखर खूप कमी होऊ शकते. दोन्ही दिवसांचे डोसचे वेळापत्रक डॉक्टरांकडून लिहून घ्या.

इन्सुलिन गोठले तर ते निकामी होते. गोठलेले इन्सुलिन वितळल्यावर पूर्वीसारखे दिसले तरी वापरू नका. बाहेर पडताना इन्सुलिन पेन आणि ग्लुकोमीटर जॅकेटच्या आतल्या खिशात, अंगाजवळ ठेवा. थंडीत ग्लुकोमीटर बंद पडू शकतो किंवा चुकीचे आकडे दाखवू शकतो. थरथर, घाम, गोंधळल्यासारखे होणे ही साखर कमी झाल्याची लक्षणे असतात. थरथर थंडीमुळेच आहे असे समजून ती दुर्लक्षू नका. साखर तपासा, आणि ते लगेच शक्य नसेल तर ग्लुकोज किंवा साखर आधी खा.

मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झाली असेल तर गार पडलेली बोटे कळतही नाहीत. रोज रात्री पाय तपासा, आणि घट्ट बूट किंवा ओले मोजे घालू नका.

रक्तदाब आणि हृदयविकार असल्यास

थंडीत रक्तवाहिन्या आकसतात. त्यामुळे रक्तदाब वाढतो आणि हृदयावर ताण येतो. उत्तरेकडील ट्रॉम्सो शहर समुद्रकाठी असल्याने तिथली थंडी त्या मानाने सौम्य असते. पण नॉर्दर्न लाइट्सच्या सहली रात्री अनेकदा आतल्या भागात जातात आणि तिथे उणे २० अंशांच्या आसपास काही तास उभे राहावे लागू शकते. वाऱ्याचाही विचार करा. उणे १० अंश तापमानात ताशी ३० किलोमीटर वारा असेल तर अंगाला उणे २० इतकी थंडी जाणवते.

- उघड्यावर सलग उभे राहू नका. मधूनमधून बसमध्ये येऊन ऊब घ्या.
- बर्फातून घाईने चढ चढणे किंवा फावड्याने बर्फ काढणे टाळा.
- जिभेखाली ठेवायची गोळी किंवा स्प्रे लिहून दिला असेल तर तो आतल्या खिशात ठेवा.
- सौनातून निघून थेट बर्फाळ पाण्यात उडी मारण्याची तिथे प्रथा आहे. हृदयविकार किंवा उच्च रक्तदाब असलेल्यांनी ती टाळावी.

दमा असल्यास

थंड, कोरड्या हवेने श्वासनलिका आकसतात. नाक-तोंड मफलरने झाका आणि नाकाने श्वास घ्या. रोजचा इन्हेलर एकही दिवस चुकवू नका. तातडीचा इन्हेलर गार पडला तर औषध नीट बाहेर येत नाही, म्हणून तोही अंगाजवळ ठेवा.

हिमदंश आणि घसरून पडणे

बोटे, नाक किंवा कान पांढरे पडून बधिर झाले तर तो हिमदंश असू शकतो. लगेच आत जा आणि ओले कपडे बदला. तो भाग चोळू नका, शेकोटीजवळ धरू नका. पुन्हा गोठण्याची शक्यता नसेल तर ३७ ते ३९ अंश कोमट पाण्यात ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. मद्याने उबदार वाटते, पण शरीरातली उष्णता कमी होते.

आतून लोकरीचे कपडे, त्यावर स्वेटर आणि बाहेरून वारा अडवणारे जॅकेट असे थर घाला. सुती बनियन घामाने ओला राहतो. बर्फावर चालताना बुटांवर चढवायचे काटेरी पट्टे वापरा. ज्येष्ठांमध्ये खुब्याचे हाड मोडण्याचा धोका असतो. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी डोक्याला मार लागल्यास, बरे वाटत असले तरी, लगेच तपासून घ्यावे.

झोप आणि आहार

ट्रॉम्सोत साधारण २० मे ते २२ जुलै सूर्य मावळत नाही आणि नोव्हेंबरअखेर ते जानेवारीच्या मध्यापर्यंत उगवत नाही. उजेड पाहून जेवणाची किंवा गोळीची वेळ ठरवू नका, घड्याळाचा गजर लावा. उन्हाळ्यात झोपताना डोळ्यांवर पट्टी वापरा. थंडीत तहान कमी लागते, तरी पाणी पीत राहा.

भारतातून दूध किंवा मांसाचे पदार्थ नेण्यास मनाई आहे. त्यामुळे तूप, पनीर, पेढे बॅगेत भरू नका.

विमा आणि तातडीची मदत

शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. विमा घेताना आधीचे सर्व आजार जाहीर करा आणि त्यांवरील उपचारांचा खर्च मिळेल का, ते लेखी विचारा. तिथले उपचार महाग आहेत आणि पर्यटकाला ते स्वतःच्या खर्चाने घ्यावे लागतात.

- जीवघेणी परिस्थिती, रुग्णवाहिका: ११३
- तातडीचा पण जीवघेणा नसलेला त्रास: ११६११७. या क्रमांकावरून जवळच्या 'लेगेवाक्त' म्हणजे तातडीच्या दवाखान्याशी संपर्क होतो.

छातीत दुखणे, अचानक दम लागणे, तोंड वाकडे होणे, बोलणे अडखळणे किंवा शुद्ध हरपणे यांपैकी काहीही झाले तर भारतातल्या डॉक्टरांना फोन करण्यात वेळ घालवू नका. आधी ११३ लावा. हे दोन्ही क्रमांक घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये निघण्यापूर्वीच साठवून ठेवा.