नळाला हळदकुंकू

दिवाळीत आपण कशाकशाची म्हणून पूजा करतो! वसुबारसेला गाईची, धनत्रयोदशीला धनाची, लक्ष्मीपूजनाला वह्यांची आणि त्यांच्या जोडीला नव्या केरसुणीचीही. परंतु नरकचतुर्दशीच्या पहाटे ज्याच्यावाचून सारे घर पारोसे राहील, त्या नळाला कुणी हळदकुंकू वाहिलेले माझ्या पाहण्यात नाही. त्याची खरी ओळख होते ती तो कोरडा पडल्यावरच. एका अख्ख्या शहराला ती एका दिवसात कशी झाली, त्याची ही हकीकत आहे.

पुण्याच्या वरच्या अंगाला आंबी नदीवर पानशेतचे धरण बांधले जात होते. १९६१ च्या जुलैत पावसाने जोर धरला, तेव्हा त्याचे काम पुरते संपलेले नव्हते. लष्कराच्या जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचून ते सावरण्याची शर्थ केली. परंतु १२ जुलैच्या सकाळी धरण फुटले. तो लोंढा खाली खडकवासल्याच्या तलावात येऊन कोसळला. १८७९ साली पुरे झालेले ते दगडी धरणही त्यापुढे टिकले नाही, आणि मुठेकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या.

पुराची वर्णने पुष्कळांनी केली आहेत. मला सांगायचे आहे ते पूर ओसरल्यानंतरचे. पुण्याच्या नळांना येणारे पाणी याच खडकवासल्याचे. तलावच रिकामा झाला, तेव्हा नळांना पाणी कुठले? जे शहर सकाळी पाण्यात बुडाले, त्याला प्यायला पाणी उरले नाही.

माझी मावशी तेव्हा दहा वर्षांची होती आणि सदाशिव पेठेत राहत होती. दिवे गेले होते, म्हणून कंदिलाच्या काचा पुसण्याचे काम तिच्याकडे आले. सकाळ-संध्याकाळ भावंडांबरोबर कळशी घेऊन हौदावर जायचे, रांगेत उभे राहायचे, आणि डोक्यावरची कळशी हिंदकळू न देता घर गाठायचे. भांडी राखेने कोरडीच घासायची. तांदूळ धुतलेले पाणी तुळशीला. "नळ फिरवून पाहायची खोड मात्र काही केल्या जाईना," ती सांगते, "आणि फिरवला की नुसता वारा यायचा!"

मग हौदांत पाणी आले कुठून? त्याचे उत्तर कात्रजच्या डोंगरात आहे. अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांच्या काळात तेथे तलाव बांधून जमिनीखालून चुन्या-दगडाचा नळ शहरात आणला गेला. मध्ये ठिकठिकाणी उंच उच्छ्वास ठेवलेले होते. त्यांतून कोंडलेली हवा निघून जाई आणि पाण्यातला गाळ तळाशी बसे. पंप नाही, वीज नाही. पाणी आपल्या उताराने चालत पेठांतल्या हौदांत येई. दोनशे वर्षे उलटल्यावर, १९६१ च्या त्या कठीण दिवसांत, हे हौद आणि वाड्यांतल्या विहिरी शहराच्या उपयोगी पडल्या.

एवढ्यावरून 'जुने ते सोने' म्हणून कुणी टाळी वाजवील, तर मी त्याला जरा थांबवीन. हौद पेठेत आला तरी हौदापासून चुलीपर्यंत पाणी आणीत होती ती घरची बाईमाणसे, त्यांच्या कमरेच्या आणि मानेच्या बळावर. शिवाय हौद साऱ्यांचा नव्हता. याच पुण्यात १८६८ साली जोतीराव फुल्यांना आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्या लोकांसाठी मुद्दाम खुला करावा लागला, हे विसरून कसे चालेल? घरातला नळ फिरवणाऱ्याची जात विचारीत नाही. हळदकुंकवाचा मान त्याला द्यायचा, तर आधी या गुणासाठी द्यावा.

मी राहतो त्या मोशीला इंद्रायणी अगदी अंगणातून जाते. येथे एके काळी विहिरींवर मोटा चालत. बैल धावेवरून उतरू लागले की भरलेली मोट वर येई आणि थारोळ्यात रिती होई. १९९७ साली गाव पिंपरी-चिंचवड महापालिकेत गेले, मळ्यांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. शहराचे पाणी मुख्यतः पवनेचे. ते रावेतला उपसायचे, निगडीला शुद्ध करायचे आणि पंपांनी पुढे ढकलायचे. वाटेत कुठेही वीज गेली की सातव्या मजल्यावरची तोटी मुकी होते. २०१९ च्या नोव्हेंबरात पाणी एक दिवसाआड येऊ लागले, तेव्हा आमच्या इमारतीत केवढा गहजब झाला! तेव्हा आमच्याकडे राहायला आलेल्या मावशीने माळ्यावरची तांब्याची कळशी काढून चिंचेने लख्ख केली आणि म्हणाली, "एक दिवसाआड तरी येतंय ना? भरून ठेवायला काय हात मोडलेत?"

त्याच सुमारास आवारातली मोटेची जुनी विहीर बुजवून तेथे गाड्या लावाव्यात, असा ठराव आमच्यापुढे आला. विहिरीचा उपयोग काय, असा प्रश्न एका तरुणाने विचारला, आणि तो गैर नव्हता. गेली कित्येक वर्षे तिचा खरोखरच काही उपयोग झाला नव्हता. बोलणे बरेच लांबले. अखेर गाळ उपसून वर जाळी बसवावी आणि पाणी झाडांना वापरावे, असे ठरले; तेही अवघ्या दोन मतांनी.

खडकवासल्याचे पाणी नळाने आले, तेव्हा पुण्यातही कुणीतरी 'आता हौद कशाला?' असे विचारलेच असेल. ते सारेच बुजवले नाहीत, म्हणून ऐंशी-ब्याऐंशी वर्षांनी एका दहा वर्षांच्या मुलीची कळशी भरली.