डासनियंत्रणातील वनस्पती : कागल परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना

कागलच्या इतिहासाचे लेखन प्रामुख्याने घाटगे घराण्याची जहागीर आणि राजर्षी शाहू महाराजांचे जन्मघराणे या अंगांनी झाले आहे. दूधगंगेच्या खोऱ्यातील सामान्य माणसाने हिवतापासारख्या रोगांना कसे तोंड दिले, हा प्रश्न मात्र त्यात मागे राहिला. तिन्हीसांजेला गोठ्यात शेणी पेटवून तीवर कडुनिंबाचा किंवा निरगुडीचा ओला पाला टाकण्याची रीत दक्षिण महाराष्ट्रातील शेतकरी कुटुंबांना परिचित आहे. या घरगुती रीतीचे इतिहासातील स्थान तपासणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्राचीन उल्लेख व त्यांची मर्यादा

सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात डासांचे ५ प्रकार सांगितले आहेत. सूत्रस्थानात जखमी रुग्णाच्या रक्षणासाठी मोहरी, कडुनिंबाची पाने, तूप व मीठ यांची धुरी देण्यास सांगितले आहे. तथापि, एवढ्यावरून डास हाच हिवतापाचा वाहक असल्याचे प्राचीनांना ज्ञात होते, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. तो संबंध रोनाल्ड रॉस यांच्या सिकंदराबाद येथील २० ऑगस्ट १८९७ च्या निरीक्षणानंतर उलगडत गेला. धुरीची रीत उपद्रव टाळण्यासाठी होती. रोगापासून मिळणारे संरक्षण हा तिचा अजाणता लाभ होता.

डीडीटीचे पर्व

डीडीटीपूर्वी डास मारण्यासाठी फवारले जाणारे पायरेथ्रम हे शेवंतीच्या जवळच्या एका वनस्पतीच्या फुलांपासून मिळत असे. १९३९ मध्ये पॉल म्युलर यांनी डीडीटीचा कीटकनाशक गुण शोधला. १९४५-४६ मध्ये तत्कालीन मुंबई प्रांतातील धारवाड व कारवार भागांत डॉ. डी. के. विश्वनाथन यांच्या पुढाकाराने डीडीटी फवारणीचे प्रयोग झाले. कोल्हापूर तेव्हा स्वतंत्र संस्थान होते. १ मार्च १९४९ रोजी ते मुंबई प्रांतात विलीन झाले.

१९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम आणि १९५८ मध्ये निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला. स्वातंत्र्याच्या सुमारास देशात वर्षाला अंदाजे ७.५ कोटी लोकांना हिवताप होत असे. १९६१ मध्ये नोंदलेल्या रुग्णांची संख्या सुमारे ५० हजारांवर आली. हे यश असामान्य होते. परंतु डासांमध्ये निर्माण झालेली प्रतिकारशक्ती आणि सर्वेक्षणातील शैथिल्य यांसारख्या कारणांमुळे १९७६ मध्ये हा आकडा सुमारे ६४ लाखांवर पोहोचला.

वनस्पतींकडे पुन्हा लक्ष

१९६८ मध्ये कडुनिंबाच्या बियांतील अ‍ॅझाडिरॅक्टिन हे द्रव्य वेगळे करण्यात आले. कीटकांची वाढ व कात टाकण्याची प्रक्रिया ते बिघडवते. १९९३ मध्ये दिल्लीच्या मलेरिया संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी खोबरेल तेलात २ टक्के निंबतेल मिसळून अंगास लावल्यास डास दूर राहतात, असे दाखवून दिले. बाजारात मिळणाऱ्या डासांच्या अनेक अगरबत्त्यांतील कृत्रिम पायरेथ्रॉइड द्रव्येही मुळात पायरेथ्रमच्या धर्तीवर घडविलेली आहेत. म्हणजेच वनस्पतींचे ज्ञान लोपले नाही. ते घरातून प्रयोगशाळेत गेले आणि बाजारातून पुन्हा घरी आले.

मात्र परंपरेचे सरसकट गौरवीकरणही अनैतिहासिक होय. तिन्हीसांजेची धुरी संध्याकाळी व रात्री चावणाऱ्या डासांपुरती उपयुक्त होती. २००६ मध्ये महाराष्ट्रात चिकुनगुनियाची मोठी साथ आली. हा रोग व डेंग्यू पसरविणारा एडिस डास दिवसा चावतो आणि रांजण, टाकी, टायर यांतील साठलेल्या पाण्यात वाढतो. त्याच्यापुढे सायंकाळचा धूर अपुरा पडतो; शिवाय बंद घरातील धूर फुप्फुसांनाही घातक असतो. पाणीसाठे झाकणे व आठवड्यातून एकदा कोरडे करणे, याला वनस्पती हा पर्याय नव्हे; ती पूरक ठरू शकते.

निष्कर्ष

फवारणीच्या इतिहासाला सरकारी अहवाल उपलब्ध आहेत. धुरीच्या इतिहासाला ते नाहीत. कोणता पाला, कोणत्या ऋतूत, किती वेळ आणि कशासाठी, हे ज्ञान मुख्यतः घरातील स्त्रियांकडे होते व ते मौखिकच राहिले. ते सांगू शकणारी पिढी आज वृद्ध झाली आहे. कागल तालुक्यातील महाविद्यालयांच्या इतिहास व वनस्पतिशास्त्र विभागांनी एकत्र येऊन या स्त्रियांच्या मुलाखती नोंदविल्यास त्या माहितीची प्रयोगशाळेत पारख करता येईल. परंपरेवर डोळे झाकून विश्वास ठेवण्यापेक्षा किंवा तिला मोडीत काढण्यापेक्षा तिची वेळेत नोंद करणे अधिक निकडीचे आहे.