पेन्सिलीने लिहिलेली एक ओळ

काही वर्षांपूर्वी बेंगळुरूतील एका प्रयोगशाळेत जुन्या मापनयंत्राला जोडलेला एक डॉस संगणक माझ्या वाट्याला आला. यंत्र अजून उत्तम चालत होते. परंतु फ्लॉपी ड्राइव्ह निकामी झाल्याने नोंदी बाहेर काढण्याची वाट बंद झाली होती. उरले होते केवळ नेटवर्क कार्ड. ते सुरू होई आणि मापनाचा प्रोग्राम उघडताच मूक होई. दोष शोधताना ध्यानात आले की, आपण भारतीय नेटवर्कच्या एका अलिखित प्रकरणात शिरलो आहोत.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने इंटरनेट सर्वांसाठी खुले केले, हे बहुतेकांना ठाऊक असते. विज्ञानसंस्थांची कथा त्याआधीची आहे. १९८६ साली केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने ‘अर्नेट’ प्रकल्प हाती घेतला. बेंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था, मुंबईचे एनसीएसटी, पाच आयआयटी आणि स्वतः तो विभाग असे आठ सहभागी होते. आरंभी टेलिफोनच्या तारेवरून निरोप टप्प्याटप्प्याने पुढे जात. पुढे सेकंदाला ९,६०० बिट वाहणाऱ्या भाडेपट्ट्याच्या वाहिन्या आल्या. त्या वेगाने एक मेगाबाइटची फाइल पाठवण्यास सर्व काही सुरळीत असतानाही सुमारे १४ मिनिटे लागत.

संस्थांना जोडणे हा कामाचा एक भाग. टेबलावरचा संगणक जोडणे हा दुसरा. डॉसमध्ये टीसीपी/आयपी अंगभूत नव्हते. कार्डाचा ड्रायव्हर वेगळा, टीसीपी/आयपीचा प्रोग्राम वेगळा, आणि साऱ्यांनी ६४० किलोबाइट मेमरीत दाटीवाटीने राहायचे. त्यामुळे दोष तारेत आहे, कार्डात आहे की प्रोग्रामात, हे एकेक थर वगळूनच ठरवावे लागे.

तारेचेच उदाहरण घ्या. त्या काळच्या पातळ कोअॅक्सियल केबलच्या दोन्ही टोकांना ५० ओहमचे रोधक लावत. एखादे निघाले, तर टोकापाशी पोहोचलेला संकेत परावर्तित होऊन मागे येई आणि त्या केबलवरील सारे संगणक एकदम बंद पडत. तपासणी साधी होती. वाहतूक थांबवून मल्टिमीटरने केबलचा गाभा आणि जाळी यांमधील रोध मोजायचा. दोन्ही रोधक समांतर असल्याने २५ ओहमच्या आसपास आकडा आला तर केबल ठीक. ५० आला तर एक रोधक नाही किंवा तार कुठेतरी तुटली आहे. बारावीच्या पुस्तकातील भौतिकशास्त्र येथे निदानाला पुरत असे.

माझ्या संगणकात तार निर्दोष होती, ड्रायव्हरही योग्य होता. अखेर कपाटातील जुन्या प्रयोगवहीच्या मुखपृष्ठामागे पेन्सिलीने लिहिलेली ओळ सापडली: ‘कार्ड ५ वर ठेवणे.’ प्रोसेसरचे लक्ष वेधण्यासाठी प्रत्येक उपकरणाला क्रमांकित संकेतरेषा लागते. त्या जातीच्या कार्डाची मूळ रेषा ३. संगणकाच्या दुसऱ्या सिरियल पोर्टचीही ३, आणि मापनयंत्र नेमके त्याच पोर्टला जोडलेले. मधल्या काळात कोणीतरी कार्ड बदलले होते आणि नवे कार्ड ३ वरच राहिले होते. कार्डावरील इवलीशी पिन सरकवली, ड्रायव्हरला नवा क्रमांक दिला, आणि नोंदी वाहू लागल्या.

ती ओळ लिहिणारी व्यक्ती कोण, हे प्रयोगशाळेत कोणालाही सांगता आले नाही. प्रकल्पांची वर्षे आणि संस्थांची नावे अहवालांत टिकतात. यंत्र चालते ठेवणाऱ्यांचे ज्ञान मात्र वह्यांच्या कडेला राहते आणि वह्या रद्दीत जातात. मापनाची विश्वासार्हता ज्या साखळीवर उभी असते, तिच्यातील ही एक कडी आहे.

विद्यार्थी मित्रांनो, आपल्या विभागात जुनी वही दिसली, तर टाकण्यापूर्वी तिची पाने छायाचित्रित करून ठेवा. आणि आज एखादा दोष दूर केलात, तर तो कसा सापडला हे तारखेसह, नावासह लिहा.