महिन्याचं रिचार्ज नाही, तरी टीव्ही रेकॉर्ड होतो : फ्री डिश आणि पेनड्राइव्हची पूर्ण माहिती

उंद्री (ता. चिखली) : रब्बीत थ्री फेजची लाइन रातच्याला असली की कास्तकाराला हरभऱ्याला, गव्हाला पाणी द्यायला वावरात जावंच लागतं. टीव्हीवरचा सामना किंवा शेतीचा कार्यक्रम तेवढ्यात होऊन जातो. नंतर मोबाइलवर पाहायचा म्हटलं तर डेटा जातो, आणि काही ॲपना वेगळे पैसे लागतात. मात्र घरावर डीडी फ्री डिशची छत्री असेल आणि बॉक्सला यूएसबीची खाच असेल, तर तोच कार्यक्रम पेनड्राइव्हमध्ये साठवता येतो. त्याला महिन्याचं भाडं नाही आणि इंटरनेटही लागत नाही. बऱ्याच घरांत ही सोय बॉक्समध्ये असूनही कोणी वापरत नाही.

फुकटचा टीव्ही येतो कुठून?

प्रसार भारतीची ही सेवा डिसेंबर २००४ मध्ये ‘डीडी डायरेक्ट प्लस’ नावाने सुरू झाली. तेव्हा ३३ चॅनल होते. पुढे तिचं नाव ‘डीडी फ्री डिश’ झालं. आज देशात चार कोटींहून जास्त घरांत ती असल्याचा अंदाज आहे. छत्री, एलएनबी, वायर आणि बॉक्स यांचा एकदाच साधारण दीड ते दोन हजार रुपये खर्च येतो, नंतर रिचार्ज नाही.

पैशाच्या डिशशी तुलना करून पाहा. २०१९ मध्ये ट्रायने पहिल्या १०० चॅनलसाठी महिन्याला जास्तीत जास्त १३० रुपये अधिक कर अशी मर्यादा घातली. १८ टक्के जीएसटी धरून ते १५३ रुपये ४० पैसे, म्हणजे वर्षाला साधारण १,८४० रुपये झाले. पैशाचे चॅनल त्याहून वेगळे. २०२४ मध्ये ही मर्यादाही काढली गेली.

आंटेना लावून चालेल का?

अमेरिकेत घरावर आंटेना लावून हवेतून येणारे एचडी चॅनल फुकट पाहतात आणि त्यालाच रेकॉर्डिंगचं यंत्र जोडतात. तिथे अशी यंत्रं १९९९ पासून विकली जाऊ लागली. आपल्याकडे ॲल्युमिनियमच्या आंटेन्यावर दिसणारं जुनं दूरदर्शन आता जवळपास बंद झालं आहे. प्रसार भारतीने जुनी अ‍ॅनालॉग प्रक्षेपण केंद्रं टप्प्याटप्प्याने बंद केली. मोक्याच्या ठिकाणची थोडीच केंद्रं ठेवली. २०१६ मध्ये १६ शहरांत नवं डिजिटल प्रक्षेपण सुरू झालं. त्यात आपल्या बाजूचं औरंगाबाद, म्हणजे आताचं छत्रपती संभाजीनगर होतं. पण असं प्रक्षेपण शहर आणि आसपासच्या पट्ट्यापुरतंच चालतं. त्यामुळे आपल्या भागात फुकट टीव्ही म्हणजे छत्रीच.

छत्री कोणत्या दिशेला?

फ्री डिशचे चॅनल जीसॅट-१५ या उपग्रहावरून येतात. तो नोव्हेंबर २०१५ मध्ये सोडला आणि ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. उंद्रीतून पाहिलं तर तो आग्नेय दिशेला, क्षितिजापासून साधारण ५९ अंश वर येतो. त्या बाजूला कडुनिंबाची फांदी किंवा शेजारची भिंत आडवी येत असेल तर चित्र फुटतं. जोराच्या पावसात सिग्नल जातो, तो दोष बॉक्सचा नसतो. सिग्नल गेला की तेवढं रेकॉर्डिंगही कोरं राहतं.

रेकॉर्डिंग कसं करायचं?

१. रिमोटवर लाल ठिपक्याचं किंवा ‘आरईसी’ लिहिलेलं बटण पाहा. मेन्यूत ‘पीव्हीआर’ असेल तर सोय आहे. काही बॉक्सची यूएसबी खाच फक्त गाणी-फोटो चालवायला असते, म्हणून खात्री करा.

२. पेनड्राइव्ह लावा. बॉक्स ‘फॉरमॅट’ विचारू शकतो. ते केलं की आतलं सगळं पुसलं जातं, म्हणून लग्नाचे फोटो असलेला पेनड्राइव्ह लावू नका.

३. चालू कार्यक्रमासाठी लाल बटण दाबा, थांबवायला ‘स्टॉप’.

४. घरी नसताना रेकॉर्ड करायचं तर ‘टायमर’मध्ये चॅनल, तारीख, सुरुवात आणि शेवट भरा. आधी बॉक्सचं घड्याळ तपासा. टाइम झोन ‘+५:३०’ नसेल तर भलत्याच वेळेचा कार्यक्रम रेकॉर्ड होतो. पाच मिनिटं आधी आणि दहा मिनिटं नंतरची वेळ धरलेली बरी.

५. बॉक्स बोर्डावरून बंद करू नका, रिमोटनेच स्टँडबाय करा. टीव्ही बंद असला तरी चालतो. गावातली लाइट गेली की रेकॉर्डिंग तुटतं. बॉक्सला वीज कमी लागते, त्यामुळे इन्व्हर्टर असेल तर त्यावर जोडा.

पेनड्राइव्ह केवढा घ्यावा?

साध्या चॅनलला तासाला साधारण सव्वा ते दीड जीबी, एचडीला तीन जीबी किंवा जास्त जागा लागते. म्हणजे ३२ जीबीच्या पेनड्राइव्हमध्ये साधे चॅनल वीसेक तास, एचडी नऊ-दहा तास बसतात. फॅट-३२ पद्धतीच्या पेनड्राइव्हमध्ये एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी होत नाही, म्हणून लांब सामन्याचे दोन-तीन तुकडे झाले तर घाबरू नका. फार स्वस्तातला हळू पेनड्राइव्ह मात्र चित्र अडकवतो.

आणखी एक गोष्ट. जुन्या एम-पेग २ बॉक्सवर एम-पेग ४ चे चॅनल दिसतच नाहीत, मग रेकॉर्ड कुठून होणार? एचडी हवं असेल तर एम-पेग ४ चा एचडी बॉक्स आणि एचडीएमआय वायर लागते.

काय होत नाही?

बहुतेक बॉक्समध्ये ट्यूनर एकच असतो. एक चॅनल रेकॉर्ड होत असताना घरच्यांना दुसरा कोणताही चॅनल लावता येईलच असं नाही. म्हणून टायमर लावला की घरात सांगून ठेवा, नाहीतर सिरियल आणि सामना यांत भांडण ठरलेलं. काही बॉक्सचं रेकॉर्डिंग त्याच बॉक्सवर चालतं. काहींचं ओटीजी वायरने मोबाइलला लावून व्हीएलसी प्लेअरवर दिसतं.

खाजगी चॅनलचा भरवसा धरू नका. त्यांच्या जागा लिलावाने दिल्या जातात. २०१९ मध्ये मोठ्या कंपन्यांनी आपले मनोरंजन चॅनल काढून घेतले, २०२० मध्ये परत आणले आणि एप्रिल २०२२ पासून पुन्हा काढले.

रेकॉर्ड करण्यासारखं काय?

२००७ च्या कायद्यानुसार राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं प्रक्षेपण खाजगी कंपनीला प्रसार भारतीला द्यावं लागतं. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ते दूरदर्शनच्या स्वतःच्या जाळ्यावर आणि फ्री डिशवरच दाखवायचं. म्हणून भारताचे असे सामने फ्री डिशवर फुकट मिळतात. मे २०१५ पासून डीडी किसान आहे, त्यावरचे कार्यक्रम बहुतेक हिंदीत असतात. मराठीसाठी सह्याद्री आहे. पोरांसाठी २०२० मध्ये जाहीर झालेले पीएम ई-विद्याचे इयत्तावार चॅनल आहेत. घरात मोबाइल एकच आणि शिकणारी पोरं दोन असतील, तर धडा रेकॉर्ड करून थांबवत थांबवत पाहता येतो.

कायदा काय म्हणतो?

१९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ३९ नुसार स्वतःच्या खाजगी वापरासाठी प्रक्षेपण रेकॉर्ड करायला हरकत नाही. शिकवण्यासाठी आणि संशोधनासाठीही मुभा आहे. पण तेच यूट्यूबवर टाकणं, ग्रुपवर वाटणं किंवा पेनड्राइव्ह भरून विकणं यात बसत नाही.

घेताना एवढं करा

चिखली किंवा खामगावला बॉक्स घ्यायला गेलात तर आपला पेनड्राइव्ह सोबत न्या. दुकानात छत्री जोडलेली असेल तर तिथेच दहा मिनिटं रेकॉर्ड करून पुन्हा चालवून पाहा, आणि वॉरंटीचं पक्कं बिल घ्या. ‘रेकॉर्डिंगसाठी महिन्याला पैसे लागतील’ असं कोणी म्हटलं तर तो बॉक्स फ्री डिशचा नाही असं समजा. घरी आल्यावरही महत्त्वाच्या सामन्याच्या आदल्या दिवशी एकदा टायमर लावून बघा. घड्याळ चुकलं असेल तर ते तेव्हाच कळेल.