वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे: अंतर २.७ किलोमीटर, वेळ दोन मिनिटे

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळाची मुख्य धावपट्टी सुमारे ३.४ किलोमीटर लांब आहे. स्कॉटलंडच्या उत्तरेकडील ऑर्कनी द्वीपसमूहात त्याहूनही कमी अंतराची नियमित प्रवासी विमानसेवा आहे. वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे या बेटांमधील हे उड्डाण जगातील सर्वांत छोटे नियमित विमान उड्डाण मानले जाते.

अंतर : दोन्ही विमानतळांमधील हवाई अंतर सुमारे २.७ किलोमीटर, म्हणजेच साधारण दीड सागरी मैल (एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर).

वेळ : वेळापत्रकात या प्रवासासाठी दोन मिनिटे दिलेली असतात. प्रत्यक्ष उड्डाण बहुधा दीड मिनिटाच्या आसपास आटोपते. वाऱ्याची साथ मिळाल्यास त्याहूनही कमी वेळ लागतो. वैमानिक स्टुअर्ट लिंकलेटर यांनी हे अंतर ५३ सेकंदांत पार केल्याची नोंद आहे. या हिशेबाने सरासरी वेग ताशी सुमारे १८३ किलोमीटर भरतो.

विमान : या मार्गावर ब्रिटन-नॉर्मन कंपनीचे 'आयलंडर' हे दोन इंजिनांचे छोटे विमान वापरले जाते. पाचशे मीटरच्या आसपास लांबीच्या धावपट्टीवरूनही ते सहज उडू व उतरू शकते. सहवैमानिक नसल्याने वैमानिकाशेजारच्या आसनावरही प्रवासी बसतो.

मार्ग : लोगनएअर या स्कॉटिश कंपनीने १९६७ मध्ये ही सेवा सुरू केली. दोन बेटांमधील उड्डाण हा खरे तर ऑर्कनीचे मुख्य शहर कर्कवॉल येथून निघणाऱ्या फेरीचा एक टप्पा आहे. कर्कवॉल ते वेस्ट्रे हे हवाई अंतर सुमारे ४४ किलोमीटर असून त्यास साधारण पंधरा मिनिटे लागतात.

एवढ्या थोड्या अंतरासाठी विमान कशाला, असा प्रश्न साहजिकच पडतो. दोन्ही बेटांदरम्यान होडीही चालते व तिला अर्धा तास पुरत नाही असे नाही; पण हिवाळ्यात उत्तरेकडील समुद्र खवळला की होडीचा भरवसा राहत नाही. पापा वेस्ट्रेची लोकसंख्या शंभराच्याही आत आहे. एवढ्याशा वस्तीत रुग्णालय किंवा माध्यमिक शाळा चालविणे शक्य नसते. त्यामुळे डॉक्टर, शिक्षक आणि उपचारांसाठी कर्कवॉलला जाणारे रुग्ण यांना विमानाचाच आधार असतो. केवळ तिकिटांच्या उत्पन्नावर असा मार्ग तगू शकत नाही; म्हणूनच त्यास सार्वजनिक निधीचे साहाय्य दिले जाते.

पापा वेस्ट्रेवरील 'नॅप ऑफ हॉवर' हे पाषाणगृह पाच हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचे आहे. इतकी जुनी वस्ती असलेल्या या बेटावर माणसे टिकून राहायची, तर दोन मिनिटांचे हे उड्डाणही टिकावे लागेल. पर्यटकांना त्याचे अप्रूप वाटते. बेटवासीयांची मात्र ती गरज आहे.