गावच्या नकाशाची डिजिटल माहिती : नोंद, जतन आणि सामायिक वापर

विहिरी, शेततळी, नालाबांध, माती नमुन्यांच्या जागा, पीक प्रात्यक्षिकांचे प्लॉट यांची मोबाईलवर जीपीएस नोंद घेण्याचे काम आता बहुतेक गावांत कुठल्या ना कुठल्या योजनेत होते. मात्र दोन-तीन वर्षांनी तीच माहिती लागली की ती सापडत नाही. फोन बदललेला असतो, ॲप बंद झालेले असते किंवा कर्मचाऱ्याची बदली झालेली असते. मग मातीतील सेंद्रिय कर्ब वाढला की घटला, हे सांगता येत नाही, कारण आधीचा नमुना नेमका कोठून घेतला होता हे माहीत नसते. गाळाने भरलेला जुना बांध नोंदीत नसल्यामुळे त्याच्या दुरुस्तीऐवजी जवळच नवे काम प्रस्तावित होते. हे टाळण्यासाठी माहिती कशी नोंदवावी, कोणत्या स्वरूपात ठेवावी आणि कोणासोबत वाटावी, याची माहिती या लेखात दिली आहे.

माहिती का हरवते?

- ॲपवरील अवलंबन : नोंद ॲपमध्येच राहते, वेगळी फाइल काढली जात नाही. मोठ्या कंपन्यांच्या सेवाही कायम टिकत नाहीत. लोकांनी रस्ते व ठिकाणे भरण्यासाठी असलेली गुगल मॅप मेकर ही सेवा २०१७ मध्ये, तर नकाशावर तक्ते दाखवणारी गुगल फ्युजन टेबल्स ही सेवा २०१९ मध्ये बंद झाली.
- व्हॉट्सॲपवरील फोटो : व्हॉट्सॲपवर फोटो नेहमीच्या पद्धतीने पाठवला की त्यात साठलेले अक्षांश-रेखांश निघून जातात. मूळ फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवल्यास ते टिकतात.
- अपुरी नोंद : नकाशावर ठिपका असतो, पण तो कोणी, कधी, कशासाठी घेतला हे लिहिलेले नसते.

एका ठिकाणाच्या नोंदीत काय असावे?

१. कायमचा क्रमांक : प्रत्येक विहिरीला किंवा बांधाला गावाने स्वतःचा क्रमांक द्यावा, उदा. विहीर-०१. पोटहिस्से पडले किंवा एकत्रीकरण झाले की गट क्रमांक बदलू शकतो. म्हणून गट क्रमांक वेगळ्या रकान्यात लिहावा.

२. अक्षांश-रेखांश : दशांश अंशात, किमान पाच दशांश स्थळांपर्यंत लिहावेत. पाचव्या स्थळातील एक एकक म्हणजे जमिनीवर सुमारे १.१ मीटर. तीनच स्थळे लिहिली तर तोच फरक सुमारे १११ मीटर होतो, म्हणजे विहीर शेजाऱ्याच्या शेतात दिसू शकते.

३. अचूकता : ॲप दाखवत असलेली अचूकता मीटरमध्ये लिहावी. मोकळ्या आकाशाखाली साध्या फोनची अचूकता साधारण पाच मीटर असते. दाट झाडीत किंवा अरुंद घळीत ती कमी होते. ठिकाणी एक-दोन मिनिटे थांबून आकडा स्थिर झाल्यावरच नोंद घ्यावी.

४. तारीख आणि नोंद घेणारा : नावाऐवजी पद लिहिले तरी चालते.

५. मोजमाप व एकक : जुनी माणसे विहिरीची खोली परसात सांगतात. ती तशीच लिहून ठेवावी, पण शेजारी टेपने मोजलेला मीटरमधील आकडा असावा. पाण्याची पातळी जमिनीपासून मोजली की कठड्यावरून, हे लिहावे आणि कठड्याची उंचीही द्यावी. नंतर कठडा वाढवला तर हीच नोंद उपयोगी पडते. पातळी सकाळी, पंप सुरू होण्यापूर्वी मोजावी.

माती नमुन्याबाबत एक फरक लक्षात घ्यावा. नमुना शेतातील अनेक ठिकाणची माती एकत्र करून तयार होतो. त्यामुळे एका ठिपक्याऐवजी ज्या भागातून माती घेतली त्या भागाची हद्द फिरून नोंदवावी. खोली, आधीचे पीक व शेवटचे खत कधी दिले हेही लिहावे. पुढच्या वेळी त्याच भागातून, त्याच खोलीवरून आणि त्याच हंगामात नमुना घेतला तरच दोन अहवालांची तुलना करता येते.

जतन करण्यापूर्वीची तपासणी

- महाराष्ट्रातील ठिकाणाचा अक्षांश साधारण १५.६ ते २२.१ आणि रेखांश ७२.६ ते ८०.९ या दरम्यान असतो. अक्षांशाच्या रकान्यात ७४ किंवा ७६ दिसत असेल, तर दोन्ही आकड्यांची अदलाबदल झालेली आहे.
- १९ अंश ३० मिनिटे म्हणजे १९.३० नव्हे, १९.५० अंश. ही एक चूक ठिकाण सुमारे २२ किलोमीटर सरकवते.
- फोनवरील जीपीएस डब्ल्यूजीएस-८४ ही प्रणाली वापरते. भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने नकाशे एव्हरेस्ट प्रणालीवर आहेत. योग्य रूपांतर न करता दोन्ही एकमेकांवर ठेवल्यास ठिकाणे सरकलेली दिसतात.
- क्षेत्रफळ काढताना यूटीएम प्रणाली वापरत असल्यास विभाग तपासावा. पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, अमरावती ही शहरे विभाग ४३ मध्ये, तर नागपूर, वर्धा, चंद्रपूर विभाग ४४ मध्ये येतात. ७८ अंश रेखांश ही दोन्ही विभागांमधील सीमा आहे.

फोनची मोजणी हद्दीसाठी वापरू नये

एक गुंठा म्हणजे ३३ फूट × ३३ फूट, अर्थात साधारण १० मीटर बाजूचा चौरस. फोनची चूक पाच मीटरची असेल, तर ती गुंठ्याच्या निम्म्या बाजूएवढी झाली. त्यामुळे फोनवर काढलेली हद्द पीक नियोजनाला, ठिबकच्या अंदाजाला किंवा फवारणीच्या क्षेत्राला ठीक आहे. बांधाच्या वादात तिचा आधार घेऊ नये. त्यासाठी भूमी अभिलेख विभागाची अधिकृत मोजणीच करून घ्यावी. गावाच्या सामायिक नकाशावर 'हद्दी अंदाजे आहेत' असे स्पष्ट लिहावे.

फाइल कोणत्या स्वरूपात ठेवावी?

- सीएसव्ही : ठिपक्यांच्या नोंदींसाठी सर्वांत सोपे स्वरूप. कोणत्याही संगणकावर उघडते. मराठी मजकूर असल्यास फाइल यूटीएफ-८ मध्ये साठवावी, नाहीतर अक्षरे बिघडतात.
- केएमएल : गुगल अर्थवर लगेच दिसते. गावकऱ्यांना दाखवण्यासाठी सोयीचे.
- जिओपॅकेज : ठिपके, रेषा आणि क्षेत्रे एकाच फाइलमध्ये राहतात. क्यूजीआयएस या मोफत संगणक प्रणालीत थेट वापरता येते. गावाची मुख्य फाइल याच स्वरूपात ठेवावी.
- शेपफाइल : कार्यालयांत अजूनही प्रचलित. मात्र ही एक फाइल नसून एसएचपी, एसएचएक्स, डीबीएफ, पीआरजे अशा अनेक फाइलींचा संच असतो. फक्त एसएचपी पाठवली तर माहितीचा तक्ता जातो. रकान्याचे नावही १० अक्षरांपुरतेच राहते. पाठवताना पूर्ण संच झिप करावा.

प्रत्येक फाइलसोबत एक पानी माहितीपत्रक ठेवावे. त्यात रकान्यांचा अर्थ, एकके, नोंदीचा काळ, प्रणाली आणि ज्ञात त्रुटी लिहाव्यात. माहितीपत्रक नसेल तर नव्या कर्मचाऱ्याला त्या आकड्यांचा उपयोग करता येत नाही.

कोठे ठेवावी, कोठे वाटावी?

*गावाच्या प्रती :* किमान तीन प्रती असाव्यात. एक ग्रामपंचायतीच्या संगणकावर, एक वेगळ्या हार्ड डिस्कवर आणि एक गावाबाहेर, उदा. कृषी विज्ञान केंद्रात किंवा ऑनलाइन साठवणीत. ऑनलाइन खाते एखाद्या व्यक्तीच्या नावाने न काढता ग्रामपंचायतीच्या किंवा शेतकरी उत्पादक कंपनीच्या नावाने काढावे. पासवर्ड दोन जबाबदार व्यक्तींकडे असावा. वर्षातून एकदा नकाशा व तक्ता कागदावर छापून दप्तरी लावावा.

*ओपनस्ट्रीटमॅप :* २००४ मध्ये सुरू झालेला हा जगभरातील स्वयंसेवकांनी तयार केलेला खुला नकाशा आहे. पाणंद रस्ते, ओढे, पाझर तलाव, बंधारे, सार्वजनिक विहिरी, गोदामे अशा कायमच्या व प्रत्यक्ष पाहता येणाऱ्या गोष्टी त्यात भराव्यात. ओढ्याचे किंवा शिवाराचे स्थानिक नाव मराठीत देता येते. प्रत्येक बदलाचा इतिहास राहतो आणि माहिती पुन्हा उतरवून घेता येते. गुगल नकाशावरून किंवा परवानगीशिवाय सरकारी नकाशावरून माहिती उतरवून येथे भरू नये. दर हंगामाला बदलणारी पिकांची किंवा पाणी पातळीची माहिती येथे टाकू नये.

*झेनोडो :* सर्न या युरोपीय संशोधन संस्थेचे हे मोफत डेटा भांडार आहे. जमा केलेल्या संचाला कायमचा ओळख क्रमांक मिळतो आणि नवी आवृत्ती जोडता येते. कृषी महाविद्यालये, कृषी विज्ञान केंद्रे यांनी पाणी पातळीच्या किंवा माती परीक्षणाच्या दीर्घकालीन नोंदी नावे काढून येथे ठेवाव्यात.

*भुवन :* हैदराबाद येथील राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राचे संकेतस्थळ. उपग्रह चित्रांवर आपले ठिपके बरोबर जागी येतात का, हे पडताळण्यासाठी उपयुक्त.

काय वाटू नये?

माहिती खुली करणे म्हणजे सर्व काही उघड करणे नव्हे. पुढील बाबी गावापुरत्याच ठेवाव्यात.

- शेतकऱ्याचे नाव, मोबाईल व आधार क्रमांक, खाते उतारा. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संमत झाला आहे. अशी माहिती घेण्यापूर्वी उद्देश सांगून संमती घ्यावी.
- खासगी बोअरवेलची खोली व पाणी. टंचाईच्या काळात ही माहिती शेतकऱ्याला अडचणीत आणू शकते. गावाबाहेर देताना पाणलोटनिहाय सरासरी द्यावी.
- चंदनाची झाडे, सौरपंप, मोटारी यांची नेमकी जागा. चोरीचा धोका असतो.

केंद्र सरकारच्या फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार भारतीय व्यक्ती व संस्थांना नकाशाविषयक माहिती गोळा करण्यासाठी व वापरण्यासाठी पूर्वपरवानगीची गरज राहिलेली नाही. मात्र एक मीटरपेक्षा सूक्ष्म अचूकतेची माहिती भारतातच साठवावी लागते. ड्रोन सर्वेक्षण किंवा डीजीपीएस मोजणी करून घेताना ही अट पाळावी. साध्या फोनच्या नोंदी या मर्यादेत येत नाहीत.

वर्षभराचे वेळापत्रक

- एप्रिल-मे : सर्व विहिरी व जलसंधारण कामांची फेरी. उन्हाळी पाणी पातळी, गाळाची स्थिती, माती नमुने.
- जून : तपासणी करून फाइल अद्ययावत करावी. फाइलच्या नावात वर्ष व महिना लिहावा. जुनी फाइल पुसू नये.
- ऑक्टोबर : पावसाळ्यानंतरची पातळी त्याच विहिरींवर, त्याच खुणेपासून मोजावी. रब्बीचा पाण्याचा ताळेबंद याच आकड्यांवर मांडावा.
- जानेवारी : नकाशा ग्रामसभेत दाखवावा. चुकलेली नावे व जागा गावकऱ्यांकडून दुरुस्त करून घ्याव्यात. काय खुले करायचे व काय नाही, याचा ठराव घ्यावा.

सुरुवात सर्व शिवारापासून करण्याची गरज नाही. पहिल्या वर्षी दहा-पंधरा विहिरी आणि गावातील सर्व बांध एवढेच घ्यावे. त्याच विहिरींच्या सलग पाच वर्षांच्या नोंदी असल्या, तर कमी पावसाच्या वर्षी उसाखालील क्षेत्र किती ठेवायचे, हरभरा किती घ्यायचा, टँकर केव्हा लागेल, यावर गावाला आकडे समोर ठेवून निर्णय घेता येतो.