गंगेच्या पात्रातून काशीचे घाट : स्थापत्यदर्शनासाठी नौकाफेरीचे नियोजन

वाराणसीस जाणारा बहुतेक प्रत्येक यात्रेकरू एकदा तरी नौकेत बसतो. ही फेरी बहुधा सायंकाळी दशाश्वमेध घाटाजवळ सुरू होते आणि गंगा आरती पाहून तासाभरात संपते. आरतीचे दृश्य मनोहर असते, यात शंका नाही. परंतु त्या वेळी काठावरील इमारती अंधारात असतात आणि ज्यांवर दिव्यांचा झोत पडतो त्यांचेही बारकावे प्रखर रंगीत प्रकाशात हरवतात. शहराचे स्थापत्य पाहणे हा हेतू असल्यास आरतीची फेरी पुरेशी नाही. त्यासाठी दुसरी फेरी वेगळ्या वेळी, वेगळ्या ठिकाणाहून आणि शक्यतो वेगळ्या प्रकारच्या नौकेतून करावी लागते.

याचे कारण या शहराच्या रचनेत आहे. घाटांमागील वाडे, मठ, मंदिरे यांचा दर्शनी भाग नदीकडे आहे. शहराच्या बाजूने तेथे जाण्याच्या गल्ल्या इतक्या अरुंद आहेत की एखाद्या वाड्याच्या भिंतीला हात लावून उभ्या असलेल्या माणसालाही त्या वाड्याची उंची कळत नाही. घाटाच्या पायऱ्यांवर उभे राहिल्यास इमारत डोक्यावर येते. ती संपूर्ण दिसते ती पात्रातूनच.

उत्तर भारताच्या मैदानातून साधारणपणे पूर्वेकडे वाहणारी गंगा वाराणसीजवळ उत्तरेकडे वळते. त्यामुळे तिचा पश्चिम काठ उगवत्या सूर्याला सामोरा आहे. वळणाच्या बाहेरच्या बाजूस असलेला हा काठ उंच असून त्यात चुनखडीयुक्त कंकराचे कठीण थर आहेत. प्रवाहाच्या धडका सोसून तो टिकला तो त्यामुळे. समोरचा पूर्व काठ सखल व वाळूचा असून पावसाळ्यात पाण्याखाली जातो. म्हणूनच तेथे वस्ती उभी राहिली नाही आणि पश्चिम काठावरील वास्तूंच्या समोर आजही मोकळे आकाश आहे. अस्सी घाटापासून वरुणा संगमाजवळील आदिकेशव घाटापर्यंत सुमारे साडेसहा किलोमीटरच्या या काठावर परंपरेने ८४ घाट मोजले जातात.

वेळ आणि ऋतू

सूर्योदयापासून पुढील दोन ते अडीच तास ही या फेरीची योग्य वेळ होय. ऊन समोरून पडते आणि चुनारच्या वालुकाश्मातील झरोके, महिरपी व छत्र्या उठून दिसतात. दुपारनंतर सूर्य इमारतींच्या मागे जातो आणि दर्शनी भाग सावलीत जातात. पुढे काठ ईशान्येकडे वळत असल्याने उत्तरेकडील घाटांचे तोंड काहीसे आग्नेयेस आहे. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे या घाटांवर ऊन अधिक वेळ टिकते. दक्षिणेकडून निघून उत्तरेकडे जाणाऱ्यास ही बाब आपसूकच सोयीची ठरते.

ऑक्टोबरअखेर ते मार्च हा काळ सर्वांत चांगला. मात्र डिसेंबरच्या उत्तरार्धात व जानेवारीत दाट धुके असते आणि कित्येकदा नऊ वाजेपर्यंत काठ दिसतच नाही. अशा दिवशी पहाटे निघण्याचा हट्ट न धरता धुके विरेपर्यंत थांबावे. एप्रिल ते जून या महिन्यांत उन्हाचा त्रास होतो. परंतु पाणी सर्वांत खाली गेलेले असल्याने घाटांच्या तळच्या पायऱ्या व पाया उघडा पडतो. घाट बांधले कसे गेले, याची जिज्ञासा असणाऱ्याने पहाटे पाच वाजता निघण्याची तयारी ठेवून उन्हाळाच निवडावा.

पावसाळ्यात हा बेत करू नये. वाराणसी येथे गंगेची धोक्याची पातळी ७१.२६२ मीटर असून १९७८ च्या पुरात पाणी ७३.९०१ मीटरपर्यंत चढले होते. पाणी वाढू लागले की प्रशासन नौकांना बंदी करते आणि आरतीही मागच्या इमारतींच्या छतावर हलवावी लागते. पूर ओसरल्यानंतर पायऱ्यांवर गाळाचे जाड थर साचलेले असतात व ते पंपाच्या पाण्याने धुऊन काढण्याचे काम चालते. कार्तिकी पौर्णिमेची देवदिवाळी पाहण्यासारखी खरी. पण त्या दिवशी पात्रात नौकांची एवढी दाटी असते की स्थापत्य पाहण्यासाठी तो दिवस टाळावा.

नौका कोणती

वल्ह्यांची होडी, इंजिनाची नौका, दुमजली बजरा आणि मोठे क्रूझ असे पर्याय आहेत. क्रूझवर बसण्याची सोय चांगली व वरचा मजला उंच असतो, त्यामुळे वृद्धांसह जाणाऱ्या कुटुंबांना ते सोयीचे. मात्र ते ठरलेल्या मार्गाने, काठापासून दूर जाते आणि कोणाच्या सांगण्यावरून थांबत नाही. घाट पाहण्यासाठी वल्ह्यांची होडी सर्वांत उत्तम. तिचा वेग पाहणाऱ्याच्या डोळ्यांना मानवतो, ती हव्या त्या वाड्यासमोर थांबते आणि नावाड्याशी बोलता येते. वाराणसीतील नौकानयन पिढ्यानपिढ्या निषाद समाजाच्या हाती असून अनेक नावाड्यांना घाटांचा क्रम तोंडपाठ असतो. अलीकडे इंजिनाच्या अनेक नौका डिझेलऐवजी सीएनजीवर चालू लागल्या आहेत, तरी एखाद्या वास्तूसमोर थांबताना इंजिन बंद करण्याची विनंती करावी.

प्रवाह दक्षिणेकडून उत्तरेकडे असल्याने अस्सीहून निघावे. होडी पाण्याबरोबर जाते, काठ सतत डाव्या हाताला राहतो आणि सूर्य पाठीमागे. पंचगंगा घाटापर्यंत मधूनमधून थांबत जाण्यास सुमारे दोन तास लागतात. परतीचा प्रवास प्रवाहाविरुद्ध असतो व नावाडी त्याचा हिशेब धरून दर सांगतो. त्यामुळे कोठे उतरणार, हे निघण्यापूर्वीच ठरवून घ्यावे. दर माणशी की संपूर्ण नौकेचा, एवढे एक वाक्य आधी स्पष्ट केले तर बहुतेक वाद टळतात. नौका परवानाधारक आहे आणि जीवरक्षक जॅकेट सर्वांना पुरतील एवढी आहेत, याची खात्री करून घ्यावी.

अस्सी ते दशाश्वमेध

सुरुवातीचा भाग पात्राच्या मध्यातून पाहावा, म्हणजे काठाची चंद्रकोरीसारखी रेषा लक्षात येते. पहिली नजर खिळवणारी वास्तू म्हणजे चेतसिंह घाटावरील किल्ला. १७८१ मध्ये वॉरन हेस्टिंग्जने काशीनरेश चेतसिंह यांना येथेच नजरकैदेत ठेवले. त्यांच्या माणसांनी पहारेकऱ्यांवर हल्ला केला आणि चेतसिंह पागोट्यांचा दोर करून नदीच्या बाजूने निसटले, असा इतिहास आहे. त्या सरळसोट भिंतीकडे पात्रातून पाहिले म्हणजे ही सुटका किती बिकट होती हे उमगते.

पुढे हरिश्चंद्र घाट हे स्मशान आहे. त्यानंतर केदार घाट येतो. तांबड्या-पांढऱ्या उभ्या पट्ट्यांमुळे तो दुरूनही ओळखू येतो व दाक्षिणात्य यात्रेकरूंची वर्दळ येथे अधिक असते.

दशाश्वमेधच्या आधी होडी काठाजवळ घ्यावी. येथे मुन्शी घाट व दरभंगा घाट यांमागे एक भव्य वाडा आहे. नागपूरकर भोसल्यांच्या सेवेतील श्रीधर नारायण मुन्शी यांनी तो १८१२ च्या सुमारास बांधला. १९१५ मध्ये दरभंग्याच्या महाराजांनी तो विकत घेतला आणि आता तेथे हॉटेल आहे. गोल बुरुजांसारखे कोपरे व उंच स्तंभ यांमुळे संपूर्ण काठावरील हा सर्वांत देखणा दर्शनी भाग म्हणावा लागेल. त्याला लागून अहिल्याबाई घाट आहे. दशाश्वमेध घाट दगडात बांधून घेतला तो बाळाजी बाजीराव पेशव्यांनी १७४८ च्या सुमारास, आणि त्यात पुढे अहिल्याबाईंनी भर घातली. लगेच पुढे मानमंदिर घाटावर आमेरच्या राजा मानसिंहांचा सुमारे १६०० मधील वाडा आहे. त्याचा कोरीव दगडी सज्जा पात्रातून स्पष्ट दिसतो. छतावरील सवाई जयसिंहांची वेधशाळा मात्र वर चढूनच पाहावी लागते.

बहुसंख्य नौका येथून माघारी वळतात. ज्याला मराठी माणसांनी बांधलेली काशी पाहायची आहे, त्याची खरी फेरी येथून सुरू होते.

मणिकर्णिका ते पंचगंगा

काशी मराठी सत्तेखाली कधीच नव्हती. हा प्रदेश मिळावा म्हणून पेशव्यांनी प्रयत्न केले. पण तो अयोध्येच्या नवाबाकडे राहिला आणि १७७५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. तरीही १८ व्या शतकात पेशवे, होळकर, शिंदे व भोसले यांनी येथे घाटामागून घाट बांधला. परक्या राज्यात, इतरांच्या परवानगीने आणि शेकडो कोस दूरच्या महसुलातून झालेले हे बांधकाम आहे. आज दिसणाऱ्या काठाचे रूप मोठ्या प्रमाणात याच काळाने घडवले.

ललिता घाटावर प्रथम लाकडी कोरीवकामाचे नेपाळी मंदिर दिसते. त्याच्या शेजारून आता काशी विश्वनाथ धामाचे रुंद प्रवेशद्वार व पायऱ्या वर जातात. १३ डिसेंबर २०२१ रोजी या प्रकल्पाचे उद्घाटन झाल्यापासून नदी व विश्वनाथ मंदिर यांमधील दाट वस्तीची जागा मोकळ्या प्रांगणाने घेतली आहे. सध्याचे मंदिर अहिल्याबाईंनी १७८० च्या सुमारास उभारले. मणिकर्णिका घाटाच्या पुनर्विकासाची पायाभरणी २०२३ मध्ये झाली असल्याने जुन्या छायाचित्रांतील दृश्य येथे जसेच्या तसे मिळेल अशी अपेक्षा ठेवू नये. येथे चिता अखंड जळत असतात. छायाचित्रे घेऊ नयेत, होडी काठाला नेऊ नये आणि मोठ्याने बोलू नये.

मणिकर्णिकेला लागूनच रत्नेश्वर महादेवाचे मंदिर आहे. ते सुमारे ९ अंशांनी कललेले असून वर्षातील काही महिने त्याचा गाभारा पाण्यात असतो. त्यापलीकडील शिंदे घाट दौलतराव शिंद्यांच्या पत्नी बायजाबाई यांनी १८३० च्या सुमारास बांधला. त्याचा भार जमिनीला पेलला नाही व तो खचला. नंतर विसाव्या शतकात घाट पुन्हा बांधण्यात आला. या दोन वास्तूंसमोर होडी दहा मिनिटे तरी थांबवावी. घाट म्हणजे केवळ स्नानाच्या पायऱ्या नव्हेत, तो काठ धरून ठेवणारी भिंतही आहे. पुरात मागची माती पाणी पिते आणि पूर उतरताच ते पाणी आतून बाहेर रेटा देते. शिवाय प्रवाह पायथा कोरत असतो. पायऱ्यांमधून पुढे आलेले अष्टकोनी बुरूज, ज्यांना तेथे मढी म्हणतात, प्रवाहाचा जोर मोडण्यास मदत करतात. एवढे जाणून पाहिले, तर पुढच्या प्रत्येक घाटावरील भेगा, ठिगळे व नव्या दगडांच्या ओळी वाचता येऊ लागतात.

भोसले घाटावरील नागपूरकरांचा वाडा १८ व्या शतकाच्या अखेरचा आहे. खाली भक्कम, जवळपास बिनखिडक्यांची भिंत आणि वर एकदम नाजूक झरोक्यांची रांग, अशी त्याची रचना आहे. पुराचे पाणी जेथवर चढते तेथवर दगड बंद ठेवायचा व त्यावर घर मोकळे करायचे, ही काठावरील सर्व वाड्यांची रीत येथे सर्वाधिक स्पष्ट दिसते.

पंचगंगा घाटावर आलमगीर मशीद उंचावर उभी आहे. बिंदुमाधवाचे प्राचीन मंदिर पाडून औरंगजेबाच्या काळात ती बांधली गेली. तिचे उंच मिनार एके काळी साऱ्या शहराची खूण होते. त्यातील एक १९४८ मध्ये कोसळला आणि पुढे दुसराही उतरवण्यात आला. आजचे बिंदुमाधव मंदिर औंधच्या पंतप्रतिनिधींनी बांधले. घाटावरील दगडी दीपस्तंभ अहिल्याबाईंनी उभारला असे मानतात. मराठी वाचकाला त्याची ओळख करून देण्याची गरज नाही, कारण जेजुरीच्या गडावर दिसते तशीच ही दीपमाळ आहे.

हे मिनार कसे दिसत, हे जेम्स प्रिन्सेप यांच्या चित्रांतून कळते. ब्राह्मी लिपीचा उलगडा करणारे प्रिन्सेप १८२० ते १८३० या काळात बनारसच्या टांकसाळीत अधिकारी होते. त्यांनी शहराची मोजणी केली, या मिनारांची दुरुस्ती केली आणि घाटांची तपशीलवार चित्रे प्रसिद्ध केली. त्यांच्या प्रती सोबत ठेवल्यास, काय टिकले व काय गेले, हे नौकेत बसूनच पडताळता येते.

येथे उतरणे श्रेयस्कर. पुढील दुर्गा घाट व ब्रह्मा घाट हा काशीतील मराठी वस्तीचा जुना भाग असून त्यांच्या उभारणीत पेशव्यांचे गुरू नारायण दीक्षित यांचा वाटा होता. नाना फडणवीसांचा वाडा याच परिसरात, गल्लीत आहे. तो पायीच गाठावा लागतो. वेळ असल्यास होडी पुढे त्रिलोचन घाटावरून मालवीय पुलापर्यंत नेता येते. १८८७ मध्ये खुल्या झालेल्या या पुलावर खालून रेल्वे व वरून रस्ता जातो. पुलापलीकडे आदिकेशव घाट आहे, तेथे क्वचितच पर्यटक दिसतो. पुलाजवळच्या नमो घाटावर उतरल्यास रस्ता लगेच मिळतो आणि काशी रेल्वे स्थानकही जवळ आहे.